तिसऱ्या सत्राचा बर्फ

झोर्या, सस्कॅचेवान
रविवार, २७ मार्च १९८३

ऑरेस्ट,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. राहून गेलं असं समजू नकोस.

आइस हॉकी लीगकडे केलेली तुझी तक्रार इकडे पोचली. आपल्या संघाचा मॅनेजर बोडनार याने ती काल रिंकच्या कँटीनमध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. "अंतिम सामन्याच्या तिसऱ्या सत्रात लॉर्न ह्रिनिवने पाठीमागून मुद्दाम स्टिक अडकवून मला पाडले. माझ्या डाव्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. त्याच्यावर कायमची बंदी घालावी." खाली तुझी सही. तीच ती, शेवटच्या अक्षराला शेपटी काढलेली.

लॉर्न तिथेच कॉफी घेऊन बसला होता. तो एवढंच म्हणाला, "मी त्याच्यापासून चांगला दोन हात लांब होतो."

कुणी ऐकलंच नाही. उलट म्हातारा स्टेफिउक उठला, त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "लांब होतास ना? असंच सांग तिकडे. झकास पाडलास बघ!" सगळे हसले. लॉर्नचं नाक चार वेळा मोडलेलं, सोळा वर्षांत शिक्षेच्या बाकावर तो जेवढा बसला तेवढा त्या बाकाला रंगसुद्धा लागला नसेल. असा माणूस 'मी नाही' म्हणाला तर कोण खरं मानणार? आपल्याच गावात त्याचं न केलेल्या कामाबद्दल कौतुक चाललंय, आणि तो मान खाली घालून ते ऐकून घेतोय. हे तुझ्यामुळे.

१६ एप्रिलला तुमच्या कार्मोडमध्ये सुनावणी आहे. बंदी आली तर लॉर्नला कुठल्याही रिंकवर स्केट बांधता येणार नाहीत, प्रशिक्षक म्हणून बाकामागे उभं राहता येणार नाही, शनिवारी सकाळी लहान मुलांना शिकवता येणार नाही. आठवडाभर रेल्वेचे रूळ दुरुस्त करणारा माणूस तो. त्याला दुसरं काय आहे?

आणि ती रांग. ऑरेस्ट, त्या रांगेबद्दल मी तुला कधीच माफ करणार नाही. मालिका संपली की दोन्ही संघ रांगेने समोरासमोर येतात आणि हात मिळवतात. दात पडलेला माणूस दात पाडणाऱ्याशी मिळवतो. ज्याच्या बहिणीवरून वाईटसाईट बोललो त्याच्याशी मिळवतो. हॉकीत हा एकच नियम असा आहे जो कुठल्या पुस्तकात छापलेला नाही आणि कुणी मोडत नाही. तू स्ट्रेचरवर होतास, रांगेत येऊ शकत नव्हतास, मान्य. म्हणून लॉर्न तुझ्याकडे आला. स्केट न काढता, मागच्या दाराने, खडीवरून चालत अँब्युलन्सपर्यंत आला. खडीवर स्केट घालून चालणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. पाती पार वाया गेली. त्याने हातमोजा काढून हात पुढे केला. तू तोंड फिरवलंस. मी दारात उभा होतो, मी पाहिलं.

तू लग्न करून कार्मोडला गेलास, त्यांच्या लाल जर्सीत खेळायला लागलास, तेव्हाही मी काही बोललो नाही. आता बोलतोय. तक्रार मागे घे.

बर्फाचं म्हणशील तर बर्फ चांगला होता. गेली सहा वर्षं झोर्याचा बर्फ मी करतो, आणि त्याबद्दल कुणी काही विचारलेलं नाही.

मायरन


झोर्या
शनिवार, २ एप्रिल

ऑरेस्ट,

पत्राला उत्तर नाही, म्हणून काल फोन केला. तुझ्या बायकोने उचलला. मी डोरीनला म्हटलं, "त्याला दे."

"तो येत नाही. पाय वर करून बसलाय."

"मग त्याला सांग, सही बसूनही करता येते."

ती आत जाऊन आली. "तो म्हणतोय, मायरनला सांग, यात पडू नकोस. गप्प बस."

"एवढंच?"

"एवढंच. मायरन, तू जेवतोस ना वेळेवर? आवाज कसातरी येतोय तुझा."

मी फोन ठेवून दिला. डोरीनला माझ्यातर्फे क्षमा माग. तिचा यात दोष नाही.

गप्प बस! सहा वर्षांचा होतो तेव्हापासून हेच ऐकतोय. तळ्यावरच्या पातळ बर्फातून कमरेपर्यंत आत गेलो, तेव्हा मला कॉलर धरून ओढून काढलंस आणि पहिला शब्द काय? "गप्प बस. आईला काही सांगू नकोस." मार तू खाल्लास. कपडे ओले का म्हणून विचारलं तर 'मीच ढकललं त्याला' म्हणालास. आठवीत मी नापास झालो आणि शाळा सोडली, तर गावभर सांगत सुटलास की तातोंना शेतावर माणूस हवा होता, म्हणून पोराला काढला. तातो तुझ्याकडे बघत राहिले. आपल्या वडिलांनी आयुष्यात तेवढंच एक खोटं मान हलवून मान्य केलं असेल. मी विचारलं होतं तुला, ऑरेस्ट? एकदा तरी म्हटलं होतं, माझ्या वतीने बोल?

माझा घोटा जन्मापासून कच्चा, मी खेळाडू होणार नव्हतोच. पण हॉकी माझी तुझ्यापेक्षा कमी नाही. रेलिंगपाशी सूर्यफुलाच्या बिया चावत उभे राहणारे म्हातारे कोण कुठे उभे राहतात ते मला पाठ आहे, कारण कुठल्या टरफलांचा ढीग कुणाचा ते मी झाडताना ओळखतो. प्लेऑफ सुरू झाले की दाढी करायची नाही, हे खेळाडूंचं. मीसुद्धा करत नाही, माझ्या दाढीत सतरा केस आहेत तरी. मिसेस कोवल १९६१ पासून तीच गायीच्या गळ्यातली घंटा वाजवते. आणि कार्मोडला आम्ही बावीस वर्षांत एकदाही अंतिम सामन्यात हरवलं नव्हतं. तुझ्या त्या नव्या गावात बर्फ करायला यंत्र आहे, बटण दाबलं की गोठतं. आमच्याकडे दोन दारं आहेत आणि उत्तरेचा वारा.

आता बर्फाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. सामन्याच्या दिवशी, १९ मार्चला, दुपारी दोनला बाहेर तापमान अधिक चार होतं. मार्चमध्ये, तेही भर दुपारी, दारं उघडून थंडी आत येत नाही. बर्फ थोडा मऊ होता. मागच्या पत्रात 'चांगला होता' लिहिलं ते पूर्ण बरोबर नव्हतं. पण मऊ बर्फ दोन्ही संघांना सारखाच.

लॉर्नने तुला हात लावलेला नाही. तक्रार मागे घे.

मायरन


झोर्या
शनिवार, ९ एप्रिल

ऑरेस्ट,

लीगने माझ्याकडून एक कागद मागितला आहे. 'सामन्याच्या दिवशी बर्फ खेळण्यास योग्य होता', खाली बर्फाची जबाबदारी असलेल्या माणसाची सही. बोडनार तो घेऊन आला. मी रिंकमधलं पाणी बाहेर लोटत होतो. आता आत फक्त चिखल आहे, आणि वर तरंगणारे रेषांच्या निळ्या-लाल रंगाचे तुकडे.

"इथे सही ठोक," तो म्हणाला. "पेन हवं?"

"वाचून देतो."

"तीन ओळी आहेत रे! तुझ्यासारखा शुद्धलेखनवाला मी पाहिला नाही. चूक काढायचीय त्यांच्या कागदात?"

"उद्या देतो."

त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "मायरन, तुझ्या डोक्यात काही भलतंच आलं नाही ना? आपण जिंकलोय. बावीस वर्षांनी. माझ्या दुकानाच्या काचेत कप ठेवलाय, लोक चर्चमधून घरी जायच्या आधी तो बघायला येतात."

हे मी तुला का लिहितोय तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्राच्या मधल्या सुट्टीत हाच बोडनार ट्रॅक्टरच्या शेडमध्ये आला होता. तेव्हा तुम्ही तीन-एकने पुढे होता, त्यातले दोन गोल तुझे. मी बर्फावर पाणी सोडायच्या टाकीत गरम पाणी भरत होतो.

तो म्हणाला, "पाणी जरा सढळ हाताने सोड आज."

मी म्हटलं, "अधिक चार आहे बाहेर. जास्त सोडलं तर गोठणार नाही."

"अरे, तेच म्हणतोय मी. कार्मोडची पोरं वाऱ्यासारखी पळतायत. जरा चिखलातून पळू देत की. आपली पोरं तशीही हळू आहेत, त्यांना काय फरक पडतोय?"

मी म्हटलं, "मी तसलं करत नाही, मिस्टर बोडनार." अगदी हेच शब्द. तो "बरं बाबा, तू बर्फाचा पाद्री" म्हणून निघून गेला.

आता तुला कळलं असेल माझा राग कशाचा आहे. गावाला जिंकायचं होतं, आणि माझ्याकडून त्यांनी काय मागावं? जो बर्फ मी पाच महिने कागदासारख्या पातळ थरांनी वाढवला, एक थर गोठल्याशिवाय दुसरा घातला नाही, ज्याच्या रेषा दोरी ताणून आखल्या, तो नासवायचा.

मी नाही म्हणालो. कागदावर सही अजून केलेली नाही, ती फक्त त्या 'योग्य' शब्दामुळे. मऊ बर्फाला योग्य म्हणावं का, याचा विचार चालू आहे.

तुझं उत्तर नाही. आठवडा उरला आहे.

मायरन


झोर्या
गुरुवार, १४ एप्रिल

ऑरेस्ट,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन स्टोव्हमध्ये गेली. हे निळ्या पाकिटात घालून कार्मोडला जाणाऱ्या दूधवाल्याच्या गाडीने पाठवतोय, म्हणजे उद्या सकाळी तुझ्या हातात पडेल.

बोडनारला मी नाही म्हणालो, हे खरं आहे. तो गेल्यावर मी केलं, हेही खरं आहे.

त्याच्या सांगण्यावरून नाही. तुझ्यामुळे. दुसरा गोल मारून तू कठड्याला घासून वळलास, शेडच्या दारापाशी माझ्यासमोर थांबलास आणि ओरडलास, "मायरन! काय बर्फ केलायस रे! आमच्या मशीनच्या तोंडात मारलीस!" दात काढून हसत होतास. घामाने चेहरा चमकत होता. आणि रेलिंगवरचे सगळे म्हातारे वळून माझ्याकडे बघायला लागले. स्टेफिउक बिया थुंकून म्हणाला, "होय तर. भावासाठी घासूनपुसून ठेवलाय पोराने!"

लोक हसले. मिसेस कोवलसुद्धा हसली.

मी सगळा हिवाळा तो बर्फ झोर्यासाठी केला होता, ऑरेस्ट, आणि तू त्यावरून धावत येऊन आम्हाला मारलंस, वर मला शाबासकी दिलीस. लहान मुलाला देतात तशी. तुला ते कळलंही नाही. कळलं असतं तर कदाचित मी केलं नसतं.

मी उत्तरेचं दार लावून घेतलं. टाकीतलं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापवलं. ट्रॅक्टरचा एक फेरा सगळ्या रिंकवर नेहमीसारखा घातला आणि मग एकाच कोपऱ्यात आणखी दोन. कार्मोडच्या चढाईच्या बाजूचा डावा कोपरा. तू गोलमागून येताना तिथे डाव्या पायावर भार टाकून वळतोस. तळ्यावर होतास तेव्हापासून तसाच वळतोस. जगात हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

वर पापुद्रा धरला आणि खाली पाणी राहिलं. वरून बघणाऱ्याला आरसा. मला वाटलं तू सटकशील, ढुंगणावर आपटशील, आणि या वेळी लोक तुला हसतील. बस, एवढंच वाटलं होतं. तुझा पाय आत जाऊन अडकेल आणि बाकीचा तू पुढे जाशील असं वाटलं नव्हतं. पण वाटायला हवं होतं, कारण बर्फ मला कळतो. मला फक्त तेवढंच कळतं.

लॉर्न तुझ्यापासून दोन हात लांब होता.

सहा वर्षं मी बर्फाची वही ठेवली आहे. रोजची थंडी, चारही कोपऱ्यांतली जाडी, पाण्याचे फेरे. १९ मार्चचं पान कोरं आहे. खोटं लिहवेना, खरं लिहायची छाती झाली नाही.

लीगचा कागद सही न करता परत पाठवला आहे. परवा मी कार्मोडला येतोय आणि हे सगळं सांगणार आहे. त्याआधी तू तक्रार मागे घेतलीस तर लॉर्नला त्या खोलीत उभं राहावं लागणार नाही. मला राहावं लागलं तरी चालेल.

मायरन


झोर्या
रविवार, १७ एप्रिल

ऑरेस्ट,

नीच माणसा,

हे दोन शब्द लिहून मी पेन खाली ठेवलं आणि चहा केला. परत आलो. ते तसेच राहू देत.

मी काल उठून सांगितलं. माझ्या तेवीस वर्षांच्या आयुष्यात इतक्या लोकांसमोर मी कधी बोललो नव्हतो. दार लावलं, पाणी तापवलं, तीन फेरे, डावा कोपरा. काही राखून ठेवलं नाही. माझा आवाज फाटत होता तरी थांबलो नाही. लीगचे अध्यक्ष, ते कार्मोडचे औषधवाले मॅकेल्वी, चष्मा काढून म्हणाले, "तुझ्या म्हणण्याला पुरावा काय?"

मी वही पुढे केली.

"हे पान तर कोरं आहे."

"तोच पुरावा आहे, सर. सहा वर्षांत दुसरं एकही कोरं पान नाही."

लोक हसले. ते म्हणाले, "पोरा, कोऱ्या पानावर मी निकाल कसा देऊ? आणि बर्फ तर वितळून गटारात गेला." मग ते तुझ्याकडे वळले. "ऑरेस्ट, तुझं काय म्हणणं?"

तू कुबड्यांवर उभा राहिलास. माझ्याकडे पाहिलं नाहीस. म्हणालास, "माझा भाऊ खराब बर्फ करत नाही. त्याला करताच येत नाही. लॉर्न त्याला लहानपणापासून आवडतो, म्हणून त्याला वाचवायला हे रचलंय. त्याला घरी जाऊ द्या."

मी ओरडलो, "ऑरेस्ट, पत्र!"

"कसलं पत्र?" तू म्हणालास.

तुझ्या कोटाच्या खिशातून निळ्या पाकिटाचा कोपरा बाहेर डोकावत होता. उघडलेल्या पाकिटाचा. मी तिसऱ्या खुर्चीवर होतो, माझे डोळे चांगले आहेत.

लॉर्नवर आजन्म बंदी. सात मिनिटांत.

घरी येताना तातो गाडी चालवत होते. बारा मैल गेले. मग म्हणाले, "पापुद्रा फुटला की आवाज होतो."

मी म्हटलं, "हो."

"पायाखाली कळतं."

"हो, तातो."

"मग त्याला पडतानाच कळलं असणार."

एवढं बोलून त्यांनी खिडकीची काच खाली केली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. किती मूर्ख आहे मी. तू मला पत्र वाचून ओळखलं नाहीस. तू खाली पडलास त्या क्षणी ओळखलंस. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या तू हिशेब केलास: लोक विचारतील हा पडला कशाने, मग बर्फाकडे बघतील, मग मायरनकडे. त्याआधी दुसरं कुणीतरी पुढे करायला हवं. लॉर्न जवळ होता आणि लॉर्नबद्दल कुणीही काहीही खरं मानतं. म्हणून त्याचा हात घेतला नाहीस. घेतला असतास तर तो सुटला असता. म्हणून 'गप्प बस'.

तू माझ्यासाठी एका निरपराध माणसाचं आयुष्य उचलून दिलंस, जसं काही ते तुझ्या मालकीचं होतं! आणि वर म्हणालास, त्याला करताच येत नाही. करता येतं, ऑरेस्ट. मी केलं. वाईट काम का होईना, मी माझ्या हाताने, माझ्या डोक्याने केलं, आणि तेसुद्धा तू माझ्याकडून काढून घेतलंस.

मला तुझी दया नको. हा शब्द मी खाली रेघ मारून लिहितोय. नको.

मायरन


झोर्या
सोमवार, २५ एप्रिल

ऑरेस्ट,

काल हॉलमध्ये विजयाचं जेवण होतं. तुला माहीत आहे कसं असतं ते. बायकांनी दोन दिवस बसून बटाटा भरलेल्या पिरोही केल्या, मश्रूमची ग्रेव्ही, कोबीचे रोल. मग कपात राय व्हिस्की ओततात आणि तो हातोहात फिरतो, आधी कप्तान, मग खेळाडू, मग मॅनेजर, सगळ्यात शेवटी बर्फवाला. सहा वर्षं मी त्या घोटाची वाट पाहिली होती. लॉर्नला खेळाडूंच्या टेबलावर बसायची बंदी नव्हती, तरी तो दाराजवळ बसला होता, ओव्हरकोट न काढता.

कप माझ्याकडे आला. मी उभा राहिलो आणि प्यायलो नाही.

कार्मोडमध्ये सांगितलं तेच सांगितलं, पण या वेळी हळू, आणि सगळ्यांची तोंडं ओळखीची. कोपरा कोणता ते सांगितलं तेव्हा आपला गोलकीपर उठून उभा राहिला. तो तिसऱ्या सत्रात त्याच कोपऱ्याकडे बघत उभा होता ना! म्हणाला, "आईशप्पथ. मला वाटलं उजेड पडलाय तिथे."

बोडनार ओरडला, "बस खाली! जास्त झालीय त्याला!"

"मी प्यायलोच नाहीये, मिस्टर बोडनार."

मिसेस कोवल म्हणाली, "खरंय. कप अजून भरलेला आहे."

मग लॉर्न उठला. सगळ्या हॉलमधून चालत माझ्यासमोर आला. मला वाटलं मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने माझ्या हातातून कप घेतला, टेबलावरची बाटली उचलली आणि सगळी राय कपातून परत बाटलीत ओतली, एक थेंब न सांडता. मग म्हणाला, "पाच आठवडे. रोज सकाळी मी रुळांवर निघायचो तेव्हा तू रिंकच्या दारात असायचास. मला 'गुड मॉर्निंग, लॉर्न' म्हणायचास."

"हो."

"रोज."

"हो, लॉर्न."

"कार्मोडमध्ये सांगितलंस ते ठीक. तिथे तुला कोण ओळखतं? इथे सांगायला तुला आणखी आठवडा लागला." आणि कप कप्तानासमोर ठेवून तो गेला.

कप्तान बराच वेळ कपावरची नावं वाचत बसला. आमची अजून कोरायची होती. मग म्हणाला, "हा आपला नाही." कप परत द्यावा असं ज्यांना वाटतं त्यांना हात वर करायला सांगितलं. खेळाडू सतरा. पंधरा हात वर गेले. स्टेफिउक मागून ओरडला, "बावीस वर्षं, हरामखोरांनो, बावीस वर्षं!" आणि रडायला लागला. ऑरेस्ट, मला त्याचं वाईट वाटलं. तो खरंच रडत होता.

बोडनारने तिथल्या तिथे रिंकच्या चाव्या मागितल्या. दिल्या.

गुरुवारी कप्तान आणि लॉर्न कप घेऊन तुझ्या दारात येतील. लीगचा सेक्रेटरी बरोबर असेल, तक्रार मागे घ्यायचा कागद घेऊन. मी येणार नाही. मी आलो की तू मला वाचवायला लागतोस. दार उघड, आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघून बोल.

मायरन


झोर्या
रविवार, ८ मे

ऑरेस्ट,

तू सही केलीस, हे मला कप्तानाने सांगितलं. लॉर्न माझ्याशी बोलत नाही. बंदी उठली, शनिवारपासून तो शाळेच्या मैदानावर मुलांना बूट घालूनच स्टिक धरायला शिकवतोय. मी रस्त्याच्या पलीकडून जातो. 'गुड मॉर्निंग' म्हणत नाही. एवढं तरी मी त्याचं देणं लागतो.

कप्तान म्हणाला, तू दार उघडून आधी लॉर्नला खुर्ची दिलीस आणि स्वतः उभा राहिलास, पूर्ण वेळ, कुबड्यांवर. लॉर्न म्हणाला, "बस रे, पडशील." तू म्हणालास, "नाही." मग डोरीनने केक कापला. तुम्हा लोकांना दुसरं काही सुचत नाही.

तुझं पत्र परवा आलं. आयुष्यातलं तुझं पहिलं पत्र. अकरा ओळी, सात चुका. त्यात लिहितोस की मी चुकलो, लॉर्नचा मी अपराधी आहे. ते बरोबर आहे, ते मी दोनदा वाचलं. पुढे लिहितोस, 'गुडघ्याचं काही नाही, डॉक्टर म्हणतात हिवाळ्यापर्यंत ठणठणीत, तू मनाला लावून घेऊ नकोस.'

म्हणून मी काल दुपारी तुमच्याकडे फोन केला. तू तातोंबरोबर बी-बियाणं आणायला गेला होतास. मी डोरीनला विचारलं, "ऑपरेशनचा डॉक्टर नक्की काय म्हणाला?"

ती म्हणाली, "त्याने लिहिलंय ना तुला."

"त्याने लिहिलंय ते माहीत आहे. डॉक्टर काय म्हणाला?"

मागे रेडिओ चालू होता, तो तिने बंद केला. मग म्हणाली, "मायरन, हे त्यालाच विचार. मला नको विचारूस." तिचा आवाज बदलला होता.

तर आता मी तुलाच विचारतोय. मी रागावलेलो आहे आणि रागावलेलाच राहीन, तुझ्यावर आणि माझ्यावर, कुणावर जास्त ते अजून ठरलेलं नाही. पण हा गुडघा मी मोडला. तो किती मोडला हे जाणून घ्यायचा हक्क माझा आहे, ते ओझं माझं आहे, तुझं नाही. तू पुन्हा स्केट बांधशील की नाही? हो की नाही, एकच शब्द लिही. शिव्या घालायच्या असतील तर त्याही घाल, मी वाट बघतोय त्यांची, तू मला आजपर्यंत एकही दिली नाहीस.

फक्त खरं लिही, ऑरेस्ट. या वेळी मला वाचवू नकोस.

तुझा भाऊ,
मायरन